फणसाड: चिखलगाणला आईला घेऊन जाता येईल का?

पहाटवारा: एप्रिलमध्ये मुरुडला येतोय. बरोबर आई (वय ६८) आणि नऊ वर्षांची लेक. जंजिरा होईलच, पण लेकीला शेकरू बघायचंय. फणसाड अभयारण्यात ‘गाण’ म्हणतात ते नेमकं काय? आईला चालवेल का?

मुरुडची_सून: गाण म्हणजे जंगलातला गोड्या पाण्याचा पाणवठा. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो, पण डोंगरावरचं पाणी बघता बघता समुद्राला मिळतं. होळी झाली की ओढे आटायला लागतात. पश्चिमेला एवढा समुद्र, पण भेकराला त्याचा काय उपयोग? मग सगळ्या रानाची भिस्त या पाणवठ्यांवर.

सुपेगावला पास काढा, गावातलाच वाटाड्या घ्या आणि उजाडताच निघा. वाटेत दगड आणि पाचोळा आहे. आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना सुपेगावातच थांबू द्या.

एक कळकळीनं सांगते. एका बुद्धपौर्णिमेला प्राणीगणनेसाठी मी पाणवठ्यावर मचाणावर बसले होते. रात्री दोनच्या सुमारास एक सांबरीण आली. चार पावलं टाकायची, थांबायची, कान फिरवायची. काठाशी पोचायला तिला अर्धा तास लागला. तोंड पाण्याला लागणार, तोच माझ्या हातून स्टीलची बाटली निसटली. ती न पिताच गेली आणि उजाडेपर्यंत फिरकली नाही. म्हणून काठावर जाऊ नका, लेकीला पाण्यात हात घालू देऊ नका. अलीकडेच झाडाआड गप्प बसा. नशिबात असेल तर स्वर्गीय नर्तक पक्षी लांब पांढऱ्या शेपटीसकट पाण्यावर सूर मारताना दिसेल.

रानवाट७०: पूर्वी हे सिद्दी नवाबांचं शिकारीचं राखीव रान होतं, १९८६ साली अभयारण्य झालं. लेकीला गारंबीचा वेल जरूर दाखवा, शेंगा हातभर लांब असतात. शेकरूसाठी नजर शेंड्यांकडे ठेवा, उंचावर काटक्यांचं घरटं असतं.

पहाटवारा: आभार. बाटल्या कापडात गुंडाळून आणतो. ती सांबरीण नंतर आली का हो?

मुरुडची_सून: दोन दिवसांनी वनरक्षकांना विचारलं. चिखलात सांबराच्या खुरांचे ताजे ठसे होते म्हणाले. तिचेच का, ते त्यांनाही सांगता येईना.