१८व्या शतकातल्या छापचित्रांत 'कला' ओळखायच्या कशा? सल्ला हवा

रेघोटी: हल्ली युरोपातली १८व्या शतकातली छापचित्रं ऑनलाइन बघतेय. चित्रकला, शिल्पकला, संगीत, सगळ्या कला बाईच्या रूपात. खालचं शीर्षक झाकलं की एकही ओळखू येत नाही. सुरुवात कुठून करू? फ्रेंच, इटालियन येत नाही.

ताम्रपट: चेहऱ्यात अडकू नका. हातात काय आहे, पायाशी काय आहे ते बघा. विष्णूची मूर्ती आपण आयुधांवरून ओळखतो, तसंच. अँजेलिका कॉफमनच्या चार चित्रांपासून सुरुवात करा: कल्पना, रचना, रेखन, रंग. लंडनच्या रॉयल अकादमीच्या छतासाठी तिने ती १७७८ ते १७८० मध्ये रंगवली. छापचित्रकार बार्तोलोझीने त्यांची स्टिपल पद्धतीची छापचित्रं केली, म्हणजे सगळी छटा बारीक ठिपक्यांची. 'रंग' थेट इंद्रधनुष्याला कुंचला लावतेय, पायाशी रंग बदलणारा सरडा. 'रचने'जवळ बुद्धिबळाचा पट. 'रेखन' मात्र निवांत बघा. ती प्राचीन पुतळ्याच्या हातपाय नसलेल्या धडावरून चित्र काढतेय. अकादमीच्या संस्थापकांत दोनच बायका होत्या, कॉफमन त्यातली एक. तरी नग्न मॉडेलच्या वर्गात बायकांना प्रवेश नव्हता. पुतळ्यांवरूनच शिकायचं! हे कळल्यावर ते चित्र मला फार लागलं.

झरोका: रिपाचं नाव कसं नाही आलं? त्याचा 'इकोनोलोजिया' म्हणजे अशा रूपांच्या खुणा सांगणारा इटालियन ग्रंथ, १५९३चा, १६०३पासून सचित्र. पुढची दोनशे वर्षं चित्रकार त्यातूनच खुणा उचलत होते. त्याच्या चित्रकलेच्या गळ्यात सोनसाखळीला मुखवटा, ती अनुकरणाची खूण. तोंडावर फडकं बांधलेलं, कारण चित्र म्हणजे मुकं काव्य. इटालियन अडत असेल तर जॉर्ज रिचर्डसनचं रिपावर आधारलेलं १७७९चं इंग्रजी पुस्तक घ्या.

ताम्रपट: मान्य, पण आधी चित्रं. रिपा सलग वाचायला घेतलात तर कंटाळाल. अडलं की उघडा.

दौत: दिदरोच्या फ्रेंच ज्ञानकोशाचं मुखचित्रही बघाच. रेखाटन कोशाँचं, १७६४चं. प्रेव्होने १७७२ मध्ये कोरलं. मध्ये बुरख्यातलं सत्य. विवेक आणि तत्त्वज्ञान तो बुरखा काढतायत. कल्पनाशक्ती हार घेऊन पुढे आलीय आणि काव्य, संगीत, चित्र, शिल्प तिच्या खाली. गर्दी खूप आहे, म्हणून हे कॉफमननंतर. न्यूयॉर्कचं मेट (मेट्रोपॉलिटन म्युझियम) आणि ॲमस्टरडॅमचं रिक्सम्युझियम या संग्रहालयांच्या साइटवर अशी पुष्कळ छापचित्रं मोठ्या आकारात फुकट उतरवता येतात.

रेघोटी: कॉफमनची चारही उघडली. 'कल्पने'च्या डोक्याला पंख कशाला?

झरोका: बुद्धीची झेप. म्हणून नजरही वर आहे.