मुंबई–लंडन : तिकिटावरचे तास आणि प्रत्यक्षातले तास

सुमनताई, बी-५०३ : सर्वांना नमस्कार. मुलीच्या बाळंतपणासाठी मे महिन्यात मी आणि हे लंडनला निघालो आहोत. तिकिटाप्रमाणे विमान मुंबईहून दुपारी १ वाजता सुटून संध्याकाळी ६ ला हीथ्रोला पोहोचते. परतताना मात्र रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी १०.३० ला मुंबईत उतरते. अंतर तेच असताना जायला पाच तास आणि यायला साडेतेरा, हे कसे? यांच्या गोळ्यांच्या वेळा ठरलेल्या आहेत, म्हणून विचारते.

विद्याधरकाका, सी-१०१ : वहिनी, तिकिटावर नेहमी त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ छापतात. मे महिन्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. त्यामुळे जाताना पाचात साडेचार मिळवा, येताना साडेतेरातून साडेचार वजा करा. म्हणजे जायला साडेनऊ आणि यायला नऊ तास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात आणि हा फरक साडेपाच तासांचा होतो.

प्राजक्ता, बी-२०२ : अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे आणि विमान ताशी ९०० च्या आसपास जाते. मग आठ तासांत पोहोचायला हवे ना?

मंदार, ए-२०४ : ७,२०० हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत जवळचे अंतर झाले, त्या रेषेवरून विमान जाईलच असे नाही. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हापासून आपल्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. ही बंदी ब्रिटिश कंपन्यांना नसल्यामुळे त्याच दोन विमानतळांमधला वेळ कंपनीनुसार वेगळा दिसू शकतो, म्हणून तिकीट काढताना किलोमीटर न पाहता तासच पाहावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दुसरे कारण वाऱ्याचे. एवढ्या उंचीवर वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात आणि येताना पाठीशी असतात. समोरचा वारा ताशी ८० किलोमीटरचा असला, तर हवेत ९०० ने जाणारे विमान जमिनीच्या हिशेबाने ८२० नेच पुढे सरकते. सुमनताई, आसनासमोरच्या पडद्यावर हा आकडा दिसतो, तुमच्या घरच्या काकांना जरूर दाखवा. शिवाय तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसून विमान जागेवरून हलण्याची असते. धावपट्टीपर्यंतची रांग आणि हीथ्रोवर उतरण्यापूर्वी घालाव्या लागणाऱ्या घिरट्या त्यातच धरलेल्या असतात.

सुमनताई, बी-५०३ : मग गोळ्यांचे कसे करावे?

मंदार, ए-२०४ : डॉक्टरांना तिकीट दाखवून घरातून निघाल्यापासून मुलीच्या घरी पोहोचेपर्यंतचे सगळे तास सांगा, विमानतळावर तीन तास आधी जायचे आहे, तेही त्यात धरा. ते वेळा ठरवून देतील. मुलीच्या घरी पोहोचेपर्यंत काकांचे हातातले घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या, आणि गोळ्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको.