शब्दचर्चा : ऊर्जा धोरणात तरुणांचा ‘सहभाग’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न (परभणी) : आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थी जिल्हा प्रशासनाला द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा तयार करीत आहेत. त्यात ‘स्वच्छ ऊर्जा धोरणात युवकांचा सहभाग वाढवावा’ असे वाक्य आहे. हे वाक्य मोघम आहे, असे एका प्राध्यापकांचे मत पडले. ‘सहभाग’, ‘भागीदारी’ आणि ‘सामावून घेणे’ यांपैकी काय वापरावे? ‘युवक’ लिहावे की ‘युवा’?

उत्तर (अंबाजोगाई) : प्राध्यापकांचा आक्षेप रास्त आहे. धोरण आधी आखले जाते, त्यावर हरकती मागवल्या जातात, मग ते ठरते आणि शेवटी राबवले जाते. तुमच्या वाक्यातून तरुणांना यांपैकी कोणत्या टप्प्यावर बोलायचे आहे हे कळत नाही. असे वाक्य मान्य करणे कोणालाही सोपे जाते, कारण जनजागृती फेरीत फलक घेऊन चाललेल्या मुलांनाही ‘सहभागी विद्यार्थी’ म्हणण्याची पद्धत आहे. फेरी ही राबवण्याच्या टप्प्यावरची गोष्ट आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही, पण तुमची मागणी आखणीच्या टप्प्याची असेल तर ‘धोरणाचा मसुदा तयार होत असताना’ हे शब्द वाक्यात आलेच पाहिजेत.

‘सामावून घेणे’ या प्रयोगात चौकट आधीच ठरलेली असते आणि येणाऱ्याला तिच्यात जागा करून दिली जाते. ‘विश्वासात घेणे’ हा प्रयोगही अशा निवेदनांत वारंवार येतो. त्यात निर्णय दुसऱ्याचा असतो आणि आपल्याला तो वेळेवर कळवावा एवढीच अपेक्षा राहते. ‘भागीदारी’ मात्र वजनदार शब्द आहे. आपल्याकडे बटईने शेत करणारा माणूस कोणते पीक घ्यायचे यावर मालकाशी बोलतो आणि रास झाल्यावर आपला वाटा घेतो. रोजाने आलेल्या माणसाला या दोन्ही गोष्टी नसतात. निर्णयात शब्द आणि फळात वाटा, अशी दुहेरी मागणी असेल तरच ‘भागीदारी’ लिहावे. रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तेव्हा खालच्या तीन पायऱ्या त्यांनी सहभागात धरल्याच नाहीत : मुलांचा वापर करून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नाममात्र प्रतिनिधित्व देणे. या तिन्हींसाठी मराठीत ‘हजेरी’ किंवा ‘उपस्थिती’ हे प्रामाणिक शब्द आहेत. ज्याच्या म्हणण्यामुळे मसुद्यातील एखादी ओळ बदलू शकते, त्याच्या बाबतीतच ‘सहभाग’ हा शब्द वापरावा, असे माझे ठाम मत आहे.

यापेक्षाही नेमके शब्द कायद्याच्या भाषेत आहेत. वीज कायदा, 2003 मधील कलम 64 नुसार, वीजदराच्या अर्जावर आदेश देण्यापूर्वी वीज नियामक आयोगाला लोकांकडून आलेल्या ‘सूचना व हरकती’ विचारात घ्याव्या लागतात. गावपातळीवर तर याहून जवळचे दार आहे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय दिलेले असून त्यांत 14 वा ग्रामीण विद्युतीकरणाचा आणि 15 वा अपारंपरिक ऊर्जा साधनांचा आहे. ग्रामसभेच्या इतिवृत्तात प्रत्येक ठरावाखाली ‘सूचक’ आणि ‘अनुमोदक’ अशी दोन नावे लिहिलेली असतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गायरानातील किती जमीन द्यायची, जनावरांना चराईसाठी किती राखायची, दिवसा मिळणाऱ्या विजेचा लाभ कोणत्या शिवाराला होणार, हे प्रश्न ठरावात यायला हवेत आणि अशा ठरावाखाली सूचक म्हणून एखाद्या वीस वर्षांच्या मुलीचे नाव असेल, तर त्या नोंदीइतका सहभागाचा स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

‘युवक’ की ‘युवा’ याबद्दल थोडक्यात सांगतो. ‘युवा’ हे रूप मराठीत समासात शोभते, उदाहरणार्थ ‘युवा धोरण’. स्वतंत्र नाम म्हणून ‘युवक-युवती’ किंवा सरळ ‘तरुण’ लिहावे. मात्र वय अवश्य द्यावे. 2014 च्या राष्ट्रीय युवा धोरणात 15 ते 29 हा वयोगट धरला आहे, संयुक्त राष्ट्रसंघ आपल्या आकडेवारीसाठी 15 ते 24 धरतो आणि ग्रामसभेचे सदस्यत्व मतदारयादीवर, म्हणजे 18 पूर्ण झालेल्यांनाच मिळते. सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांचे म्हणणे कोणत्या मार्गाने ऐकले जावे, ही मागणी त्यामुळे वेगळी लिहावी लागेल.

प्रतिसाद (लातूर) : ‘स्वच्छ’ या विशेषणाकडेही लक्ष द्यावे, असे सुचवतो. ‘अपारंपरिक’ हा शब्द घटनेच्या अनुसूचीत टिकून आहे, पण केंद्रीय मंत्रालयाने 2006 मध्ये तो आपल्या नावातून काढून ‘नवीन आणि नवीकरणीय’ हे शब्द घेतले. ‘स्वच्छ’ आणि ‘नवीकरणीय’ यांची व्याप्ती एक नाही. आमच्याकडच्या साखर कारखान्यांतील सहवीजनिर्मिती नवीकरणीय गणली जाते, कारण ऊस पुन्हा उगवतो. पण बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेले उसाचे चिपाड, जळते तेव्हा धूर होतो आणि काजळी शेजारच्या वस्तीवर पडते. अणुऊर्जेत कार्बनचा धूर नाही, तरी ती नवीकरणीय नाही. मराठवाड्याने आणखी एक कसोटी लावायला हवी, ती पाण्याची. परळीचे औष्णिक वीज केंद्र 2015 मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, ही आठवण ताजी आहे. सौर पटलांवर साचणारी धूळ धुवायलाही पाणी लागते, जरी औष्णिक केंद्राच्या मानाने ते फार थोडे असले तरी. निवेदनात ‘स्वच्छ’ म्हणजे काय हे विद्यार्थ्यांनी स्वतः एका वाक्यात लिहावे.

उत्तर (अंबाजोगाई) : ही सूचना मोलाची आहे आणि ती घेऊन वाक्य असे करता येईल : ‘जिल्ह्यातील सौर व पवन प्रकल्पांसंबंधीच्या आराखड्यांचा मसुदा तयार होत असताना 15 ते 29 वयोगटातील युवक-युवतींच्या सूचना व हरकती लेखी मागवाव्यात, त्यांपैकी कोणत्या स्वीकारल्या व कोणत्या का नाकारल्या हे कारणांसह प्रसिद्ध करावे आणि प्रत्येक प्रकल्पाला लागणारी जमीन व पाणी यांची माहिती मराठीत उपलब्ध करून द्यावी.’ वाक्य लांबले आहे, परंतु त्यातील ‘कारणांसह’ हा शब्द काटकसरीसाठीही गाळू नये.