मदत हवी आहे: दोन नंबर टिकत नाही, गिअरबॉक्स बांधू की दुसरा बसवू?

कागलवाला
जीपचा गिअरबॉक्स त्रास द्यायलाय. दोन नंबर टिकत नाही, सटकन न्यूट्रल होतो. एक नंबर टाकताना करकरतो. वर गूं-गूं आवाज आहे तो वेगळाच. एक मिस्त्री म्हणतो बांधून घ्या, दुसरा म्हणतो भंगारात घाला आणि चार गिअरवाला बसवा. जोतिबाच्या चैत्र यात्रेआधी गाडी रस्त्यावर पाहिजे. बांधू की बदलू, तेवढं सरळ सांगा. ऑइल परवाच बदललंय, त्यामुळं ते सांगत बसू नका.

शिरोली_फिटर
कुठली जीप? कुठलं इंजिन? दोन नंबर चढाला ओढताना सुटतो की उताराला पाय काढल्यावर? एक नंबर उभ्या गाडीत वाजतो की चालत्या? गूं-गूं तीन नंबरला राहते की जाते? आणि ऑइल कुठलं घातलंय ते सांगाच, नको म्हटलं तरी.

चारचाकी_राजा
बदला ओ! केएमटी-९० टाका, चार गिअर, विषय संपला. तीन गिअरवर हायवेला किती दिवस रडायचं?

कागलवाला
महिंद्राची सीजे-थ्रीबी, ७२ची. पेट्रोल, इंजिन ओरिजिनल. उताराला सुटतो, चढाला नाही. एक नंबर चालत्या गाडीत वाजतो, वळणावर वेग कमी करून टाकला की. गूं-गूं तीनमध्ये बरीच कमी होते. ऑइल दुकानदारानं दिलं ते, ८५डब्ल्यू-१४०.

शिरोली_फिटर
आता बोलता येईल. म्हणजे तीन गिअरचा टी-९० बॉक्स, मागं डाना-१८ ट्रान्सफर (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी).

एक नंबरचं आधी मिटवू. टी-९० मध्ये सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवून देणारी रिंग, फक्त दोन आणि तीनला आहे. एक आणि रिव्हर्सला नाहीच. चालत्या गाडीत एक टाकला की वाजणारच, नवा बॉक्स असला तरी. गाडी थांबवून टाका, नाहीतर डबल क्लच मारा (न्यूट्रलला क्लच सोडून रेस द्यायची, मग पुन्हा दाबून गिअर टाकायचा). उभ्या गाडीतही वाजत असेल तर दोष क्लचचा. तपासायची रीत: इंजिन आयडलला ठेवून क्लच पूर्ण दाबा, पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरी करकरलं तर क्लच पूर्ण सुटत नाही किंवा क्रँकमधला पायलट बुश (इनपुट शाफ्टचं पुढचं टोक ज्यात फिरतं तो) धरतोय. पेडलला इंचभर मोकळी चाल आहे का बघा.

उताराला दोन नंबर सुटणं मात्र खरं दुखणं. दोनचा गिअर तिरक्या दाताचा आहे. पाय काढला की चाकं इंजिनाला ढकलतात आणि गिअरवरचा जोर उलट्या बाजूला फिरतो. स्लीव्हचे (गिअर शाफ्टला जोडणारी सरकती रिंग) किंवा गिअरच्या कुत्रादातांचे (स्लीव्ह ज्यांत अडकते ते छोटे दात) कोपरे गोल झाले असले की तोच जोर स्लीव्हला बाहेर सारतो. क्लस्टरला (खालच्या पिनवर फिरणारा एकसंध गिअरांचा जोड) पुढंमागं ढिलाई असेल, तर अजून लवकर.

आवाजाचं म्हणाल तर तीनमध्ये ताकद सरळ जाते, क्लस्टर नुसतं मोकळं फिरतं. तिथं आवाज कमी होतो, म्हणजे संशय क्लस्टरवर आणि त्याच्या पिनवर.

चारचाकी_राजा
एवढं कोण बघत बसणार? बांधला तरी सहा महिन्यांत पुन्हा तेच.

जुनं_लोखंड
राजाभाऊ, चार गिअरवाल्याचा चारही सरळच असतो, एकास एक. टी-९० चा तीनही एकास एक. थ्रीबीचा अॅक्सल ५.३८ रेशोचा. मग हायवेचा वेग वाढणार कुठून? फरक पडला तर खालच्या गिअरमध्ये पडेल. त्याच्या बदल्यात बेल हाउसिंगची (क्लचवरच्या कवचाची) भोकं, इनपुट शाफ्टची लांबी, स्प्लाइन, पायलटचा व्यास हे सगळं जुळवायचं. बॉक्स लांब असेल तर ट्रान्सफर मागं सरकणार: मागचा प्रोपेलर कापायचा, पुढचा वाढवायचा, क्रॉस मेंबरची भोकं नवी. हे काम यात्रेआधी होत नसतं.

पन्हाळा_रोड
आवाजासाठी सोपी टेस्ट: ट्रान्सफर न्यूट्रलला टाका, गाडी उभी ठेवून गिअर टाका. आवाज राहिला तर गिअरबॉक्स, गेला तर ट्रान्सफर.

जुनं_लोखंड
डाना-१८ ला ही टेस्ट अर्धीच. मेनशाफ्टच्या शेपटीवरचा गिअर मधल्या गिअरला कायम लागलेला असतो, न्यूट्रलमध्येही तो फिरतो. मधला शाफ्ट झिजला असेल तर आवाज तिथूनही येईल, आणि तुम्ही दोष गिअरबॉक्सला द्याल. तो शाफ्ट बॉक्स उतरवल्यावर हातानं हलवून बघा.

शिरोली_फिटर
आणि ते ऑइल. डब्यावर जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलंय का?

कागलवाला
व्हय. जास्त नंबर म्हणजे जास्त चांगलं असं दुकानदार म्हणाला.

शिरोली_फिटर
काढा ते. जीएल-५ डिफरन्शियलसाठी. त्यातली गंधकाची रसायनं गरम झाल्यावर पितळ खाऊ शकतात, आणि सिंक्रोच्या ब्रास रिंगला कोनवर पकड मिळत नाही. जीएल-४, ९० नंबर घाला.

पन्हाळा_रोड
हे जरा वाढवून सांगितलं जातंय. आताची बरीच जीएल-५ ऑइलं पितळाला तेवढी घातक नसतात.

शिरोली_फिटर
पितळ सोडा, पकडीचं काय? शिवाय १४० चं ऑइल सकाळी थंडीत मधासारखं होतं, रिंग त्याला कापत बसते. डबा बदलायला असं काय लागतं?

आरटीओ_मित्र
गाडी ७२ ची म्हणजे ५० वर्षांच्या वर. २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००, मुदत १० वर्षं. चॅसिस, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा बदल नको.

कागलवाला
साहेब, मी नोंदणीचं विचारलं नाही. तसा नंबर घेतला तर रोजच्या वापराला गाडी चालवता येत नाही ना?

आरटीओ_मित्र
नाही येत. म्हणून आधी सांगितलं.

शिरोली_फिटर
मुद्द्यावर या. बॉक्स न उतरवता निम्मा निकाल लागतो. न्यूट्रलला ठेवा, फ्लोअर प्लेट काढा, वरचं झाकण उचला. फोर्क, रॉड, गिअर जागेवर अडवणारी गोळी-स्प्रिंग झाकणाबरोबरच वर येतात. स्प्रिंग बसकी झाली आहे का, फोर्कची टोकं झिजली आहेत का बघा. गिअरबॉक्स ते बेल हाउसिंगचे बोल्ट ढिले नाहीत ना, तेही. टॉर्च लावून क्लस्टरचा एकेक दात फिरवून बघा. मग क्लस्टर मागं रेटा आणि पुढच्या वॉशरपाशी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. ढिलाई ०.०१२ ते ०.०१८ इंच पाहिजे, म्हणजे ०.३० ते ०.४६ मिलिमीटर.

दात शाबूत आणि केसिंगला चीर नाही, तर बांधा. क्लस्टर, दोनचा गिअर आणि मेनशाफ्ट तिन्ही गेले असतील तर चांगला वापरलेला टी-९० शोधा. त्याचंही झाकण आपल्या डोळ्यांदेखत उघडून घ्यायचं.

उद्यमनगर_५१
दात गेले असतील तर वेल्डिंगनं भरून ग्राइंड करून घ्या की. स्वस्तात होतं.

जुनं_लोखंड
आणि वरचा कडक थर? वेल्डिंगच्या उष्णतेनं तो मरतो, भरलेला दात थोड्या दिवसांत सोलून निघतो. उद्यमनगरात, कोल्हापूरच्या वर्कशॉपांत, पिन घासून घ्या, बुश करून घ्या, दात नको. आणि गिअर बदलायचाच तर जोडीनं. जुन्या दाताला नवा दात लावला की गूं-गूं परत सुरू.

कागलवाला
उघडलं. ढिलाई ०.९ मिलिमीटर. क्लस्टरचे दात चांगले. स्लीव्हचे दात एका बाजूनं गोल, दोनच्या गिअरचे कुत्रादातही. फोर्क ठीक, एक स्प्रिंग बसकी. केसिंगला चीर नाही.

शिरोली_फिटर
मग बांधा. यादी लिहून घ्या: सिंक्रो हब-स्लीव्ह जोडी, दोनचा गिअर, दोन्ही ब्रास रिंगा, पुढचा-मागचा बेरिंग, क्लस्टरची पिन, निडल रोलर, थ्रस्ट वॉशर, गोळी-स्प्रिंग, गास्केट. ढिलाई मागच्या स्टीलच्या वॉशरच्या जाडीनं जुळते, म्हणून त्यात दोन-तीन जाडीचे आणा. दोनचा नवा गिअर क्लस्टरवर आवाज करतो का, ते जुळवताना बघा. वर 'जोडीनं' म्हटलंय ते बरोबरच आहे. क्लस्टरवर खड्डे दिसले तर तेही बदला.

ट्रान्सफर वेगळं करताना मागचं गोल झाकण काढून मेनशाफ्टचा कॅसल नट सोडायचा आणि गिअर ओढून घ्यायचा. त्यानंतर ट्रान्सफर मागं ओढायच्या आधी मेनशाफ्टला दोनच्या गिअरच्या मागं तारेचा फास घाला. तारेची दोन्ही टोकं वरच्या झाकणाच्या पुढच्या दोन स्क्रूंना ताणून बांधा. नाहीतर मेनशाफ्ट ट्रान्सफरबरोबर मागं येतो आणि पुढच्या टोकाचे सुटे रोलर खाली बॉक्समध्ये पडतात.

चारचाकी_राजा
बघा, शेवटी सगळंच नवं घ्यायला लागलं.

कागलवाला
रोलर किती असतात ओ? आधीच पडलेत.

शिरोली_फिटर
तार नाही बांधली ना? चुंबक फिरवा तळाला, आणि सापडतील ते मोजून लिहून ठेवा. दुकानात जाताना एक खिशात घेऊन जा.