प्रशिक्षण एकच, मशीन एकच; मुलगे 'ऑपरेटर', मुली 'हेल्पर'?

बॉबिनकेस:
मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून शिवणकाम युनिटमध्ये मुलगे-मुली बरोबरच शिकले. आता कामावर घेताना मुलग्यांना 'ऑपरेटर' आणि मुलींना 'हेल्पर' अशी पत्रं देताहेत, मुलींचा पगार अडीच हजारांनी कमी. मशीन तेच, टार्गेट तेच. मालक म्हणतो, प्रशिक्षणार्थींना किमान वेतन लागू नाही. खरं का?

हजेरीपट:
अर्धंच खरं. प्रशिक्षणाच्या काळात शिक्षणानुसार विद्यावेतन (बारावी ६,०००, आयटीआय किंवा पदविका ८,०००, पदवी १०,०००), त्यात बाई-पुरुष फरक नाही आणि किमान वेतनही नाही. नेमणूक झाली की मात्र ती कर्मचारी. सारख्या कामाला बाई-पुरुष बघून पगारात फरक करायला मनाई करणारं वेतन संहिता २०१९ चं कलम ३ तिथे लागतं. सारखं काम ठरवताना कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी बघतात. पत्रावरचा हुद्दा नाही. 'हेल्पर' लिहिण्यामागची मेख अशी की ते अकुशल श्रेणीत बसतं आणि किमान वेतनही खालचंच लागतं. म्हणून सही करण्याआधी हुद्दा बदलून मागा. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर मोघम 'शिवण विभाग' नको. ओव्हरलॉक, फ्लॅटलॉक, जे मशीन चालवलं ते लिहून घ्या.

सुईधागा:
तुलना हातात येणाऱ्या रकमेची करू नका, कपातीआधीची करा. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, पुरुषांचा पगार १०,००० च्या वर गेला की २०० कापतात (फेब्रुवारीत ३००). त्यामुळे फरक आहे त्यापेक्षा कमी दिसतो. टार्गेट शीट, शिफ्टचा तक्ता आणि दोघांच्या पगारपावत्यांचे फोटो ठेवा. सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे.

बॉबिनकेस:
आभार. दोघींचं विद्यावेतनही अडकलंय, त्यांची खाती तर आधारशी जोडलेली आहेत.

हजेरीपट:
जोडलेलं आणि 'सीडिंग' झालेलं (म्हणजे थेट लाभ जमा होण्यासाठी आधारवर नोंदवलेलं एकच खातं), यात गल्लत होते. थेट लाभाचे पैसे शेवटी सीडिंग झालेल्या खात्यातच जातात. बऱ्याचदा ते जुनं, वापरात नसलेलं खातं निघतं. माय आधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. लग्न झालेल्यांच्या आधारवर सासरचं नाव, गुणपत्रिकेवर माहेरचं, असं असेल तर पडताळणी तिथेच अडते. दोन्ही ठीक असेल तर युनिटने त्या महिन्याची हजेरी पोर्टलवर भरली का, ते विचारा.