बॅचलोरेटला 'मी कधीच नाही' खेळायचंय, पण माम्या आणि होणारी नणंदही आहेत

करवली_सांगली
बहिणीच्या लग्नाआधीच्या शनिवारी विश्रामबागेत घराच्या गच्चीवर फक्त बायकांची पार्टी ठेवतोय. चौदा जणी आहेत: नवरीच्या कॉलेजच्या सहा मैत्रिणी, आम्ही चार चुलत-मावस बहिणी, दोन माम्या, होणारी नणंद आणि नवरी. निम्म्या जणी एकमेकींना ओळखतही नाहीत, म्हणून सुरुवातीला 'नेव्हर हॅव आय एव्हर' घ्यायचं म्हणतेय. नियम ढोबळ माहीत आहे. एकीने 'मी कधीच अमुक केलं नाही' म्हणायचं आणि जिने केलंय तिने एक बोट मिटायचं. वाक्यं किती लागतात, कुणी लिहायची? आणि खरी अडचण म्हणजे माम्यांसमोर मैत्रिणी गप्प बसतील आणि नणंदेसमोर नवरी. कुणी असा मिश्र गोतावळा सांभाळला असेल तर सांगा.

घाटावरची
आधी बोटं सोडा. हातात भडंगाची डिश आली की बोटं कुणाची किती मिटली ते कुणालाच आठवत नाही. प्रत्येकीला दहा चिंचोके द्या, म्हणजे एकूण १४०. मधे एक परात ठेवा. जिने केलंय तिने एक चिंचोका परातीत टाकायचा. आवाज होतो, सगळ्यांचं लक्ष जातं, मजा त्यातच आहे. बरेच जण बेदाणे किंवा शेंगदाणे वापरतात. ते नको. तासगावचे बेदाणे समोर असले तर तिसऱ्या वाक्यापर्यंत निम्मे पोटात जातात आणि मग हिशोबावरून वाद.

दुसरा घोळ नकारार्थी वाक्याचा. 'मी कधीच लेक्चर बुडवलं नाही' म्हटल्यावर ज्यांनी बुडवलं नाही त्याच 'हो हो' करत चिंचोका टाकतात. म्हणून वाचणारीने प्रत्येक वाक्यानंतर ठरलेला प्रश्न विचारायचा: "कुणी कुणी केलंय?" पहिली दोन वाक्यं निव्वळ सरावाची, त्यांचे चिंचोके परत द्यायचे.

वाक्यं ऐनवेळी सुचत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या पाळीला एखादी अडते, मग सगळ्या 'काहीतरी बोल गं' करत बसतात आणि खेळ पडतो. त्यामुळे आधीच लिहून ठेवा. एका वाक्याला हशा आणि चौकशी धरून दीड-दोन मिनिटं जातात, म्हणजे २५ वाक्यांना पाऊण तास. त्यापुढे ताणू नका. लिहा मात्र ३५, कारण दहा तरी जागेवर गाळावी लागतात.

चांगलं वाक्य कोणतं? चौदापैकी चार ते सात जणी हलतील ते. सगळ्याच हलल्या किंवा कुणीच हललं नाही तर बोलायला काही उरत नाही. 'मी कधीच परीक्षेत चिठ्ठी नेली नाही', 'मी कधीच क्लासचं नाव सांगून घाटावर जाऊन बसले नाही', 'मी कधीच विकतची पुरणपोळी घरची म्हणून वाढली नाही' ही चालतात. शेवटच्याला माम्या हमखास सापडतात आणि तिथून मैत्रिणी मोकळ्या होतात, म्हणून ते पहिल्या पाचांत घ्या. 'आहेरात आलेली साडी पुढे फिरवली नाही' हे दिसायला निरुपद्रवी, पण चौदा जणींत ती साडी दिलेली बाई बसलेली असू शकते. चिंचोका पडला की पुढचा प्रश्न येतोच, "कुठली गं साडी?" ते गाळाच.

कुणाचं नाव, गाव, ऑफिस वाक्यात नको. जुनी लफडी, पगार, वजन, मूलबाळ हे विषय पूर्ण बाद. आणि एकीला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं वाक्य लगेच ओळखू येतं, मग तो खेळ राहत नाही, उलटतपासणी होते.

वाटाण्याची_उसळ
घाटावरचीचं सगळं पटलं, पण ते एकाच वयाच्या घोळक्याला ठीक. नणंद समोर असताना नवरीने परातीत चिंचोका टाकावा ही अपेक्षा अवास्तव आहे. अशा वेळी गुप्त मतदान करा.

हिरवे आणि पांढरे वाळके वाटाणे पाव-पाव किलो आणा. प्रत्येकीच्या वाटीत दोन्ही मूठ-मूठभर, मिसळलेले. हिरवा म्हणजे 'केलंय', पांढरा म्हणजे 'नाही'. वाक्य वाचलं की प्रत्येकीने एक दाणा मुठीत घेऊन फिरत्या कापडी पिशवीत सोडायचा. मूठ पिशवीच्या आत गेल्यावरच उघडायची. राजमा आणि चवळी घेऊ नका, आकार वेगळा असल्याने मूठ बघून आणि पडल्याचा आवाज ऐकून कळतं. स्टीलचा डबाही त्याच कारणाने नको. वाट्या मांडीवर ठेवा, मधे नको, नाहीतर शेजारणीला निवडलेला रंग दिसतो.

मग पिशवी ताटात रिकामी करून मोजायची. दाणे चौदाच भरले पाहिजेत, पंधरा आले तर ती फेरी रद्द. आता महत्त्वाचं: हिरवे तीनपेक्षा कमी असतील तर आकडा सांगायचा नाही, "तीनच्या आत" एवढंच म्हणायचं. एकच हिरवा निघाला आणि तो जाहीर केला तर पुढची दहा मिनिटं 'ती कोण' यातच जातात, आणि बिचारीच्या चेहऱ्यावर दिसतंच. चौदाच्या चौदा हिरवे निघाले तर मात्र बिनधास्त ओरडून सांगा, कारण तिथे लपवायला कुणी उरलंच नाही. मोजणारीने दाणे लगेच बाजूच्या भांड्यात टाकायचे, ताट फिरवायचं नाही.

माझ्या मते पहिली दहा वाक्यं चिंचोक्यांवर घ्या, साधी. नंतरची दहा-बारा वाटाण्यांवर, जरा धीट. माम्या कंटाळून खाली गेल्या तर पुन्हा चिंचोके. वाटाणेच चालू ठेवले, तर मोजताना चौदाचे बारा करायला विसरू नका.

मिरजकरीण
मोजायचं काम नणंदेला द्या. पाहुणी म्हणून कोपऱ्यात बसण्यापेक्षा हाताला काम असलेलं बरं.

वाटाण्याची_उसळ
नाही हो ताई, उलट तिलाच नको. आकडे तिच्या हातून गेले की नवरीकडच्या सगळ्या जपून दाणे टाकणार. मोजायला कॉलेजची एखादी मैत्रीण बसवा, जिला दोन्ही घरांशी देणंघेणं नाही. नणंदेला वाक्य वाचायला द्या. पण यादी तिला आदल्या दिवशी दाखवा आणि "यातलं काय काढू?" असं सरळ विचारा.

करवली_सांगली
हे भारी आहे. आणखी तीन गोष्टी. मैत्रिणी म्हणतायत की चिंचोक्याऐवजी 'केलं असेल तर घोट' ठेवू. मोबाईलवर शूटिंग करू द्यावं का? आणि हरलेलीला शिक्षा काय?

घाटावरची
घोट ठेवायचाच तर कोकम सरबताचा. एका घोटाला ३० मिली धरले तर दहा घोटांत ३०० मिली, म्हणजे चौदा जणींना सव्वाचार लिटर तयार ठेवा. दारूचा घोट या खेळाला जोडूच नका. जी सर्वांत प्रामाणिक ती सर्वांत आधी झिंगते, आणि नंतर तिचंच तोंड सुटतं. शिवाय त्यातल्या दोघी-तिघी रात्री स्कूटीवर मिरजेला जाणार असतील.

मोबाईल खेळापुरते एका टोपलीत, खाली खोलीत. फोटो आधी काढून घ्या. 'फक्त हसण्याचा व्हिडिओ' असं काही नसतं, मागचा आवाज त्यात येतोच आणि रात्रीत लग्नाच्या ग्रुपवर पोचतो. वाक्यांच्या चिठ्ठ्याही केराच्या टोपलीत टाकू नका, सकाळी झाडणारी व्यक्ती वाचते. फाडून पाण्यात भिजवा.

शिक्षा म्हणजे उखाणा. जिचे दहाही चिंचोके आधी संपले तिने घ्यायचा, लग्न झालेलं नसेल तर नवरीच्या नवऱ्याचं नाव गुंफून. दोघींचे एकदम संपले तर जुगलबंदी. माम्यांना यात कुणी हरवू शकत नाही, तेव्हा हरलेलीला मदतीला एक मामी घेऊ द्या.

आणि प्रत्येकीला दोनदा 'पास' म्हणायची मुभा. कारण विचारायचं नाही. फक्त चिंचोक्यांच्या फेरीत 'पास' म्हणजेच कबुली असा अर्थ लोक काढतात. म्हणून वाचणारीने पहिल्याच साध्या वाक्याला स्वतः पास घ्यावा, म्हणजे ती रीत पडते.

मिरजकरीण
गच्ची आहे म्हणून एक. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही, २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. गाणी आधी उरका, साडेनऊला स्पीकर बंद करून खेळ सुरू करा. तसंही वाक्य सगळ्यांना नीट ऐकू जायला शांतता लागतेच. आणि वाटाण्यांची पिशवी गडद रंगाची घ्या, गच्चीच्या ट्यूबलाइटखाली पांढऱ्या कापडातून हिरवा रंग दिसतो.