‘हॉटडॉग’मध्ये कुत्रा आला कुठून?

प्रश्न : मुलानं विचारलं, हॉटडॉगमध्ये कुत्र्याचं मांस असतं का? नसतं, एवढं सांगितलं. पण मग हे नाव का पडलं? व्यंगचित्रकाराची गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. ती खरी आहे का?

प्रतिसाद : नाही, आणि ती इतकी पसरली आहे याचं वाईट वाटतं. गोष्ट अशी सांगतात : १९०१ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स या बेसबॉलच्या मैदानावर विक्रेते पावात घातलेले गरम सॉसेज, म्हणजे खिमा भरलेल्या लांबट नळ्या, विकत होते. ते पाहून टॅड डॉर्गन या व्यंगचित्रकारानं पावात सॉसेजच्या जागी ‘डॅक्सहुंड’ हा लांबुडका जर्मन कुत्रा काढला; त्या नावाचं स्पेलिंग आठवेना, म्हणून त्यानं चित्राखाली ‘हॉट डॉग’ लिहिलं. त्या काळातलं असं चित्र शोधूनही कुणाला मिळालेलं नाही. डॉर्गनची हॉटडॉगवरची चित्रं आहेत ती १९०६ ची, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या सायकल शर्यतीच्या वेळची.

शब्द त्याआधीच रुळला होता. न्यू जर्सीतल्या पॅटरसनच्या एका वर्तमानपत्रात तो १८९२ साली छापलेला आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात तर रात्री सॉसेज विकणाऱ्या गाडीला मुलं ‘डॉग वॅगन’ म्हणत; अशा एका गाडीचं नावच ‘केनेल क्लब’ (कुत्र्यांचा क्लब) होतं. ‘येल रेकॉर्ड’ या विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात ऑक्टोबर १८९५ मध्ये, प्रार्थना संपेपर्यंत मजेत हॉटडॉग चघळत बसलेल्या मुलांचा उल्लेख येतो. बॅरी पॉपिक, जेराल्ड कोहेन, डेव्हिड शुलमन या अभ्यासकांनी जुने अंक चाळून हे पुरावे गोळा केले. व्युत्पत्ती सांगायची तर अशी सांगावी!

या नावामागे विद्यार्थ्यांची जरा किळसवाणी थट्टा आहे. सॉसेजमध्ये नेमकं काय भरलंय हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे खाटीक त्यात कुत्रं घालतो, हा विनोद अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आला होता. या थट्टेचा गिऱ्हाइकांना धसका बसेल म्हणून १९१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंड या समुद्रकाठच्या सहलीच्या ठिकाणच्या व्यापारी मंडळानं पाट्यांवर ‘हॉट डॉग’ लिहायला मनाई केल्याचं सांगतात.

प्रश्न : मग याच सॉसेजची फ्रँकफर्टर आणि वीनर ही नावं कुठून आली?

प्रतिसाद : ती गावांवरून आलेली नावं. फ्रँकफर्टचं ते फ्रँकफर्टर, व्हिएन्नाचं (जर्मनमध्ये ‘वीन’) ते वीनर. खुद्द व्हिएन्नात मात्र त्याच सॉसेजला फ्रँकफर्टर म्हणतात.

प्रतिसाद : आमच्या इंदूरचा अर्थही नोंदवा. छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीत हॉटडॉग मागितला की गोल पाव मिळतो, आत बटाट्याची टिक्की नाहीतर मटण किंवा अंडं. सॉसेजचा पत्ताच नाही. इथल्या मराठी घरांतही हॉटडॉग म्हणजे तोच.

प्रतिसाद : मोलाची भर. अमेरिकेत हे नाव आधी सॉसेजचं होतं, मग पावासकट सगळ्या पदार्थाचं झालं. इंदुरात सॉसेज गळलं, पाव राहिला. शब्दकोशात हे दोन अर्थ वेगळे द्यायला हवेत.

प्रश्न : मराठीत लिंग कोणतं? आणि एकत्र लिहायचं की तोडून?

प्रतिसाद : पुल्लिंगी, ‘एक हॉटडॉग खाल्ला, दोन हॉटडॉग खाल्ले’. एकत्र लिहावं. तोडून लिहिलं की वाचणाऱ्याचं लक्ष पुन्हा कुत्र्याकडे जातं.